‘पंचेचाळिशीत कोलोनोस्कोपी कशाला?’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सध्या फिरतो आहे. त्याचा आशय असा: वयाच्या पंचेचाळिशीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करायला लावणे हा रुग्णालयांचा धंदा आहे, तरुणांमधील वाढ केवळ तपासण्या वाढल्यामुळे दिसते, कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) निरुपयोगी असल्याचे युरोपातील चाचणीने सिद्ध केले आहे, घराण्यात कोणाला हा आजार नसेल तर चिंता नको, आणि तरुणपणी शौचातून रक्त पडले तर ती मूळव्याधच असते.

वाढीविषयीचे विधान कालक्रमाशीच जुळत नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या आतील रुग्णांचे प्रमाण 1990च्या दशकाच्या मध्यापासून चढते आहे, तर तपासणीचे वय 50 वरून 45 वर आणण्याची शिफारस अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 2018 मध्ये आणि प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या प्रतिबंधक तपासण्यांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने मे 2021 मध्ये केली. शिवाय आकडा निव्वळ तपासण्यांमुळे फुगला असता, तर त्याबरोबर मृत्यू वाढण्याचे कारण नव्हते. ते वाढले आहेत: 2024 मध्ये सोसायटीने दिलेल्या आकडेवारीनुसार पन्नाशीच्या आतील अमेरिकन पुरुषांमध्ये कर्करोगमृत्यूंचे हे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे, 1990च्या दशकाच्या अखेरीस ते चौथे होते.

युरोपातील चाचणीचा दाखला अधिक बारकाईने पाहायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्डिक’ चाचणीत पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील 55 ते 64 वयाच्या सुमारे 28 हजार जणांना कोलोनोस्कोपीचे निमंत्रण दिले गेले आणि निमंत्रण न मिळालेल्यांशी त्यांची तुलना झाली. दहा वर्षांत निमंत्रितांमध्ये कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी कमी आढळला, मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक दिसला नाही. मजकूर येथेच थांबतो. निमंत्रितांपैकी केवळ 42 टक्के लोक प्रत्यक्ष तपासणीला आले आणि न आलेल्यांचीही गणना त्याच गटात झाली, हे त्यात सांगितलेले नाही. म्हणजे ही चाचणी मुख्यतः निमंत्रणाचा परिणाम मोजते. शिवाय त्यात पंचेचाळिशीचे कोणीच नव्हते, त्यामुळे त्या वयाविषयी तिच्यावरून कोणताच निष्कर्ष थेट काढता येत नाही.

मात्र उत्साही समर्थकांनीही एक गोष्ट मान्य करावी. 45 ते 49 या वयोगटासाठीचा पुरावा तुलनेने दुबळा आहे आणि तो बऱ्याच अंशी गणिती प्रारूपांवर आधारलेला आहे. म्हणूनच टास्क फोर्सने 50 ते 75 वयासाठी ‘ए’ आणि 45 ते 49 साठी ‘बी’ श्रेणी दिली. अभिनेते चॅडविक बोसमन 2020 मध्ये 43व्या वर्षी या आजाराने गेले, हे उदाहरणही या शिफारशीसाठी वारंवार दिले जाते. पण त्यांचे निदान 2016 मध्ये, चाळिशीच्या आत झाले होते, तेव्हा 45चा नियम त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता.

घराण्यात कोणाला हा आजार नसणे ही समाधानाची बाब असली, तरी अभय नव्हे, कारण तरुण रुग्णांपैकी बहुतेकांच्या कुटुंबात असा इतिहास नसतो. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला झाला असल्यास तपासणी साधारणतः चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात.

‘धंदा’ हा आरोप करणाऱ्यांनी घरी करायची शौचाची चाचणी, म्हणजे ‘फिट’, विचारात घेतलेली दिसत नाही. छोट्या नळीच्या झाकणाला जोडलेली काडी शौचाच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी टेकवायची, ती नळीत परत बसवायची, तारीख लिहून पाकीट टपालात टाकायचे; हे वर्षातून एकदा. पोट साफ करणारे औषध रात्रभर पिणे नाही, भूल नाही, आतड्याला छिद्र पडण्याचा क्वचित का होईना असणारा धोकाही नाही. मात्र निकालात रक्त आढळले तर कोलोनोस्कोपी टाळता येत नाही.

सर्वांत घातक विधान मूळव्याधीचे आहे, आणि महाराष्ट्रातही ते तितकेच घातक आहे. भारतात या आजाराचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच कमी असल्याने 45चा नियम इथे जसाच्या तसा आणण्याचे कारण नाही. तिशीपासूनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमातही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचाच समावेश आहे. पण 45चा नियम लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. ज्याला रक्त पडते, शौचाची सवय काही आठवडे बदलली आहे, पोट सतत दुखते किंवा लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला आहे, त्याला निदान हवे असते, मग वय तीस का असेना. मूळव्याध असेलही, आणि बहुधा तीच असते. परंतु ती तपासून ठरवायची असते, आणि ती सापडली म्हणून आतड्यात आणखी वर दुसरे काही नाही असेही ठरत नाही. डॉक्टरांनी बोटाने गुदाशय तपासायला काही मिनिटेही लागत नाहीत. ती तपासणी न करता कोणी मलम लिहून देत असेल, तर रुग्णाने ती स्वतःहून मागावी.