गोरखचिंच दोन हजार वर्षांची? आधी टेप लावा

पुण्यातल्या एका जुन्या गोरखचिंचेचा (म्हणजे बाओबाबचा) फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली लिहिलंय: ‘वय २००० वर्षं, बुंध्याचा घेरच सांगतो. देशातलं सर्वांत मोठं झाड. गिनीजमध्ये नोंद.’ झाडावर माझंही प्रेम आहे, म्हणूनच हे खोडून काढतोय.

घेरावरून वय निघत नाही, गोरखचिंचेचं तर नाहीच. तिचं लाकूड मऊ, पाणी धरून ठेवणारं. पाऊसपाणी झालं की खोड फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. शिवाय अनेकदा दोन-तीन खोडं जुळून एकच बुंधा झालेला असतो. आफ्रिकेत काही गोरखचिंचा दोन हजार वर्षांच्या निघाल्या हे खरं, पण ते लाकडाच्या नमुन्याची रेडिओकार्बन तपासणी करून, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढून. सागाच्या खोडातली वर्षागणिक वर्तुळं मोजता येतात. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय. वडाला तशी भरवशाची वर्तुळं नसतात.

‘सर्वांत मोठं’ म्हणजे कशानं? उंचीत कॅलिफोर्नियातलं हायपेरियन नावाचं झाड पहिलं, सुमारे ११६ मीटर. लाकडाच्या घनफळात मात्र जेमतेम ८४ मीटरचं जनरल शर्मन हे तिथलंच झाड त्याच्या पुढे. अमेरिकेत १९४० पासून सर्वांत मोठ्या झाडांची यादी ठेवतात. तिथे घेराचे इंच, उंचीचे फूट आणि पर्णसंभाराच्या सरासरी रुंदीच्या फुटांचा चौथा हिस्सा अशी बेरीज करतात. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर घ्यायचा. उतार असेल तर वरची आणि खालची बाजू यांच्या मधल्या पातळीपासून ही उंची धरायची. मी आणि एका सोबत्यानं एकदा एका वडाला टेप लावला, तेव्हा खोडाला चिकटलेल्या पारंब्या धरून एक आकडा आला आणि त्या वगळून बराच कमी. कोणता लिहायचा यावर अर्धा तास वाद झाला. पारंब्या धरल्या की नाही, हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

गिनीजचं म्हणाल, तर १९८९ मध्ये तिथे नोंदला गेला तो आंध्रातल्या अनंतपूरकडचा तिम्मम्मा मर्रिमानु. तो वड आहे, गोरखचिंच नाही, आणि त्याचा विस्तार पावणेपाच एकरांच्या आसपास.

आणि दोन हजार वर्षं हवीत कशाला? राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. ते तोडायची वेळ आलीच, तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. झाड तोडण्याला हरकत घेताना फुगवलेलं वय सांगितलं की समोरचा आधी तेच खोडतो आणि आपली बाकीची हरकतही हलकी पडते. हरकतीला १.३७ मीटरवरचा घेर, टेप दिसेल असा फोटो आणि मोजल्याची तारीख जोडा. वाड्यातल्या, शाळेतल्या जुन्या फोटोत ते झाड दिसत असेल, तर तोही जोडा.