चमकतो तो रंग, औषध नव्हे

‘औषधाच्या रेणूला फ्लुओरेसंट (प्रकाश पडला की चमकणारा) रंग जोडा, मायक्रोस्कोपखाली बघा, औषध पेशीत नेमकं कुठे जातं ते कळतं.’ देखण्या हिरव्या-लाल चित्रांसोबत हा दावा सर्रास फिरतो. त्यातला एकेक भाग तपासायलाच हवा, कारण अशा चित्रांवरून पुढचं संशोधन ठरतं.

‘रंग इवलासा असतो, काही फरक पडत नाही.’ इवलासा? फ्लुओरेसिन या अशाच एका रंगाचं रेणुवजन 332 आणि ॲस्पिरिनचं 180! व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकासारखा सुमारे 1450 वजनाचा रेणू हा बोजा पेलतो. लहान रेणूचं मात्र विरघळणं, पेशीपटलातून आत शिरणं, सगळंच बदलू शकतं.

‘कुठेही जोडला तरी चालतो.’ नाही चालत. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधात सातव्या कार्बनवर रंग जोडला तर ट्यूब्युलिनवरची, म्हणजे त्याच्या लक्ष्य-प्रथिनावरची, पकड बऱ्यापैकी टिकते. बाजूच्या साखळीतल्या हायड्रॉक्सिलवर जोडला तर ती ढिली पडते. जोडायची जागा शोधण्यातच रसायनशास्त्रज्ञाची खरी मेहनत असते.

‘जिथे चमक, तिथे औषध.’ सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. रंग आणि औषध यांच्यातली जोडणी एस्टर या सहज तुटणाऱ्या प्रकारची असेल तर पेशीतली विकरं ती तोडतात. मग रंग एकीकडे, औषध दुसरीकडे. आम्लारीधर्मी रेणू लायसोसोममध्ये (पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांमध्ये) अडकून बसतात, आणि तिथले ठळक ठिपके औषधाचं लक्ष्य म्हणून खपवले जातात. उलट बाजूही आहे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध मुळातच फ्लुओरेसंट आहे, पण डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरलं की त्याची चमक मंदावते. म्हणजे ते जिथे काम करतं, तिथेच कमी दिसतं.

म्हणून ही पद्धत टाकाऊ ठरते का? अजिबात नाही. ओलापरिब या कर्करोगाच्या औषधाला बोडिपी हा फ्लुओरेसंट रंग जोडून केलेलं पार्पआय-एफएल बघा. त्याची चमक पार्प-1 हे ओलापरिबचं लक्ष्य-प्रथिन असलेल्या केंद्रकात दिसते, आणि आधी साधं ओलापरिब भरपूर दिलं की ती उतरते. चमक लक्ष्याशी बांधलेली आहे, याचा हा पुरावा. सोबत नुसत्या रंगाची चाचणी हवी आणि रंगीत रेणूची परिणामकारकता मूळ औषधाशी ताडून पाहायला हवी. हे नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

रंगाचा बोजा टाळायचा असेल तर औषधावर फक्त अल्काइन हा छोटासा अणुगट बसवून, पेशी रसायनानं स्थिर (फिक्स) केल्यावर क्लिक रसायनानं, म्हणजे दोन रेणू झटकन आणि नेमके जोडणाऱ्या अभिक्रियेनं, रंग जोडता येतो. या रसायनाला 2022 चं नोबेल मिळालं. मात्र तोवर पेशी मेलेली असते, त्यामुळे औषधाची हालचाल जिवंतपणी पाहता येत नाही.