कारण : इतर

मागच्या गुरुवारी भर दुपारी दोन बाई दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, उन्हाने चेहरे रापलेले. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका. "घरात सहा ते चौदा वयाचं, शाळेत न जाणारं कुणी आहे का?" शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण चाललं होतं. आमच्यासारख्या अपार्टमेंटमध्ये या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, त्यामुळे थोरल्या बाई विचारता विचारताच पुढच्या दाराकडे वळल्या होत्या. मी म्हणाले, "आहे. एक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या पुस्तकांच्या कपाटाकडे, मग परत माझ्याकडे. चेष्टा करतेय की काय, असं वाटलं असणार. आत बोलावलं, पाणी दिलं. त्यांनी फाइल टेबलावर उघडली तेव्हा वरची नावं दिसली. सगळी ऊसतोडीला आलेल्या लोकांची पोरं. गाव बीड, बीड, परभणी, बीड. कारणाच्या रकान्यात स्थलांतर, स्थलांतर, धाकटं भावंड सांभाळणे. आणि त्याखाली आमचे चिरंजीव. वय १०. आई बी.कॉम., वडील इंजिनिअर. बाईंनी पेन रोखून विचारलं, "कारण काय लिहू?"

दोन वर्षांपूर्वी त्याची शाळा सोडवून आम्ही घरशाळा, म्हणजे होमस्कूलिंग, सुरू केली, आणि या काळात हा प्रश्न मला लग्नात, भाजी मंडईत, दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना, सगळीकडे विचारून झालाय. उत्तरं तोंडपाठ आहेत माझी. पण त्या दोन बोटं रुंदीच्या रकान्यात बसेल असं एकही नव्हतं. शेवटी बाईंनीच लिहिलं, 'इतर'.

तेव्हापासून तो 'इतर' डोक्यातून जात नाहीये, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

लोकांना सांगायचं माझं लाडकं कारण म्हणजे पंचगंगेचा किस्सा. तिसरीत होता. त्याच्या आजोबांनी त्याला प्रयाग चिखलीला संगमावर नेलं होतं. घाटावर उभं राहून त्याने विचारून विचारून नद्या मोजल्या : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती, ती गुप्त. पुढे महिन्याभराने चाचणीत प्रश्न आला, पंचगंगा किती नद्यांची मिळून बनते? याने लिहिलं, 'चार दिसतात, पाचवी मला दिसली नाही.' लाल फुली, मार्क शून्य. घरी आल्यावर अगदी शांतपणे विचारलं, "आई, मग मी पाच दिसल्या असं लिहायचं होतं का?"

हा किस्सा कुठेही सांगा, हमखास चालतो. समोरचा 'बघा, आपली शिक्षणपद्धती!' म्हणत मान हलवतो आणि मलाही जरा हुतात्मा झाल्यासारखं वाटतं. पण एका मार्कासाठी कुणी शाळा सोडत नाही हो. मीही नसती सोडली.

खरं कारण सांगायला ऐटबाज नाही. रविवारी संध्याकाळी चार वाजले की त्याचं पोट दुखायचं. दर रविवारी. ओवा झाला, जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत दुखलं नाही, मे महिन्यात एकदाही दुखलं नाही. जूनमध्ये व्हॅन सुरू झाली, पोट सुरू झालं. पावणेसातला व्हॅन. सहाला उठवायचं, झोपेतच दूध, अर्धं पोटात अर्धं शर्टावर. दुपारी अडीचला परत. मग राहिलेल्या वह्या पूर्ण करणं, प्रोजेक्ट, उद्याच्या चाचणीची तयारी, आणि हे सगळं करून घेणार कोण? मीच. रात्री साडेनऊला एकदा मी आणि तो दोघेही त्या वहीसमोर रडत बसलो होतो. तेव्हा डोक्यात आलं की शाळा तर घरीच चाललीय, फी तेवढी बाहेर भरतोय. ती फी, व्हॅन, गणवेश, पुस्तकं मिळून वर्षाचे ८० हजारांच्या पुढे जात होते, हेही कारणांत धरा. कुणी सांगत नाही, पण बऱ्याच घरांत हेही असतं.

सासूबाई महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं, चौथीच्या पुढची शाळा नदीपलीकडे. पावसाळ्यात पोरीला पाठवणार कोण, म्हणून चौथीला शिक्षण संपलं. त्यांचं एकच वाक्य होतं, "आमच्या वक्ताला म्होरं शाळा नव्हती म्हणून रडलो. आता गाडी दारात येत्या न्यायाला, तर ह्यास्नी नको झालीया." मी कायदे सांगितले, परदेशातली उदाहरणं दिली, सगळं केलं. या वाक्याला उत्तर मिळालं नाही. आजही नाहीये.

आणि हे कोल्हापूर आहे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. त्या हिशेबाने माझे दोन वर्षांचे २४ रुपये थकलेत. हसण्यावारी नेते मी, पण दसरा चौकातून जाताना महाराजांच्या पुतळ्याकडे बघायला थोडं चोरट्यासारखं होतं.

आता कायद्याचं, कारण निम्मे लोक तेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. यातली सक्ती आहे ती मुख्यतः सरकारवर. कलम १० मात्र म्हणतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. दंड, शिक्षा काही नाही, पण कर्तव्य आहे. 'भारतात होमस्कूलिंग एकदम कायदेशीर आहे' असं छाती ठोकून सांगणारे पालक हे कलम हळूच वगळतात. मी वगळत नाही. कायदा घरशाळेला थेट हो म्हणत नाही, थेट बंदीही घालत नाही, आणि आम्ही त्या फटीत राहतो. त्याच कायद्याचं कलम ४ मला धीर देतं : मूल मध्येच परत आलं तर शाळेने त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं. दोर कापलेले नाहीत.

दहावीचं काय? त्याला वाटा आहेत. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, वय १४ पूर्ण असलं की दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत विषय सुटे सुटे सोडवता येतात. नाहीतर आपला १७ नंबरचा फॉर्म आहेच. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या 'बाहेरून दहावी' झाल्यात, फक्त तेव्हा त्याला कुणी होमस्कूलिंग म्हणत नव्हतं, नापास म्हणायचे.

एक विनंती. मालविका जोशीचं उदाहरण मला पाठवणं थांबवा. मुंबईची मुलगी, सातवीत शाळा सोडली, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली, कौतुक मलाही आहे. पण ती पोचली ती संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन आंतरराष्ट्रीय पदकं मिळवून. आणि बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं, ही बाजू व्हॉट्सॲपवर फिरत नाही. आमच्या मुलाने अजून सातचा पाढा नीट पाठ केलेला नाही.

गेल्या वर्षी पुण्यात काही घरशाळावाल्या कुटुंबांना भेटले. एका बागेत सतरंज्या टाकून बसलो होतो. तिथे मला कळलं की 'पालक मुलांना घरी का शिकवतात' याला एक उत्तर नसतंच. एकीच्या मुलाला अक्षरं उलटी दिसायची आणि तीन शाळांनी त्याला आळशी ठरवलं होतं. एकाची मुलगी दिवसाला पाच तास पोहते. एकांची दर दोन वर्षांनी बदली, दरवेळी नवं बोर्ड, नवी भाषा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग चालू असताना मागे भाजी निवडत बसलेल्या आयांनी पहिल्यांदाच ऐकलं की वर्गात नेमकं काय शिकवतात, आणि शाळा उघडल्यावर त्यांनी परत पाठवलंच नाही, अशाही दोघी होत्या. हे सगळे मला समजतात. पण एक गृहस्थ चहा घेताना म्हणाले, "अहो, हल्ली शाळेत कसली कसली मुलं येतात, भाषा बिघडते." कसली कसली म्हणजे कसली, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. चहा मी तसाच ठेवला. आमच्या कोल्हापुरात शाळा आणि वसतिगृहं निघाली ती नेमकी 'कसल्या कसल्या' मुलांना आत घेण्यासाठी. ज्याला घरशाळा या कारणासाठी हवी असेल, त्याने माझ्याशी त्या विषयावर बोलू नये. उगाच भांडण होईल.

आणखी एक गोष्ट त्या सतरंजीवर लक्षात आली. भाषणं बाबांनी केली. 'मुलाची नैसर्गिक जिज्ञासा' वगैरे. घरी भागाकार कोण घेतं असं विचारल्यावर सगळे हात बांगड्यांचे होते. मी पतसंस्थेतली नोकरी सोडली. माझा पगार गेला, बढती गेली, आमच्या ब्रँचमध्ये दुपारी मिळून खायचे ते डबे गेले (त्यांची फार आठवण येते). नवरा चांगला आहे, तो फोटो काढतो. घरशाळेला मुळात घर लागतं, आणि त्या घरात दिवसभर असणारं, शिकलेलं, बिनपगारी माणूस लागतं. फाइलीतल्या त्या वरच्या नावांकडे हे नव्हतं. दोघांनाही सरकारी भाषेत 'शाळाबाह्य' म्हणतात, एवढंच काय ते साम्य.

मग यात आनंदाचं काही आहे की नाही? आहे ना. या हंगामात आजोबा त्याला वडणग्याकडच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले, मीही गेले. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस खदखदत होता, मळी वर येत होती, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, ती बाजूला काढत होता. रस दाट झाल्यावर त्याने पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, चिमटीत घेऊन गोळी वळली, काहिलीच्या काठावर मारली. टण्ण. "उतरा!" चार माणसांनी काहील उतरवली. आमच्या पोराने विचारलं, "काका, किती डिग्री झाली?" गुळव्या म्हणाला, "डिगरी ठावं न्हाई बाबा. हाताला कळतंय." पुढच्या खेपेला हा माझा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन गेला. गोळी टण्ण वाजली तेव्हा काटा ११८ च्या आसपास होता. तो आकडा त्याने गुळव्याला सांगितला, गुळव्याने त्याला गरम गुळाचा खडा दिला. त्या रात्री पाणी १०० ला उकळतं तर रस ११८ पर्यंत कसा गेला, यावर आमचं दीड तास चाललं. मला उत्तर येत नव्हतं. दोघांनी मिळून शोधलं.

असा फोटो टाकला की चारशे लाइक येतात. पण गुऱ्हाळाचा दिवस वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस भागाकार, शुद्धलेखन, 'नंतर करतो', 'आत्ता करतोस की नाही', आणि माझा चढलेला आवाज. शाळेतली बाई ओरडली तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत रडतं. घरी बाई आणि आई एकच असेल तर त्याने कुठे जायचं? यावर मी अजून अडखळते.

आणि साडेचार वाजता कॉलनीतली पोरं परत येतात तेव्हा त्यांच्याकडे दिवसभराच्या गोष्टी असतात. कोण कुणाला काय बोललं, पीटीचे सर कसे पडले. हा ऐकत राहतो. पोट आता दुखत नाही त्याचं, झोप छान लागते, वाचतो भरपूर. पण जूनमध्ये त्याने मला वह्यांना खाकी कव्हर घालायला लावलं, लेबलंही आणायला लावली. प्रत्येकावर स्वतः लिहिलं. नाव. इयत्ता : पाचवी. तुकडी : अ. मी विचारलं, अ कशाला? म्हणाला, "ब मध्ये कोणीच नाही ना." शाळेच्या जागी 'घर' लिहिलं होतं.

त्या दिवशी बाईंच्या हाताला तीच वही लागली. थोरल्या बाईंनी लेबल वाचलं, काही बोलल्या नाहीत. पानं उलटली. एका पानावर त्याने नद्यांचा नकाशा काढलाय, संगमाशी चार निळ्या रेघा आणि पाचवी तुटक. बाईंनी त्याला बोलावलं. "ही तुटक का रे?"

"ती सरस्वती. मला दिसली नाही."

मी श्वास रोखून धरलेला. बाईंनी चष्मा सारखा केला, नकाशा नीट बघितला आणि म्हणाल्या, "मलाबी नाही दिसली अजून. दिसली की सांगायला ये मला. शाळा इथनं दोन गल्ल्या सोडूनच आहे."

फाइल काखेत मारून त्या जिना उतरल्या. पुढे आणखी तीन बिल्डिंग होत्या, आणि नंतर परत उसाच्या फडावर जायचं होतं.

त्या दिवसापासून तो दोनदा विचारून झालाय, त्या बाईंची शाळा किती वाजता सुटते.