घटना फाडू नका, दुरुस्त करा

तहहयात राज्य करायचं तुमच्या मनात आलं असेल, तर लष्करप्रमुखाला लावलेला फोन आधी खाली ठेवा. रणगाडे, संचारबंदी, रेडिओ केंद्रावर कब्जा ही जुन्या पिढीची थेरं झाली. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांना 3 डिसेंबर 2024 च्या रात्री हा मोह आवरला नाही. टीव्हीवर येऊन त्यांनी लष्करी कायदा जाहीर केला. संसदेच्या फाटकावर पोलीस उभे, तर 67 वर्षांचे सभापती सरळ कुंपण ओलांडून आत गेले. मध्यरात्रीनंतर 190 खासदार जमले आणि 190 विरुद्ध शून्य मतांनी हुकूम रद्द करा म्हणाले. एप्रिल 2025 मध्ये घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना घरी बसवलं. एवढा खटाटोप, आणि लष्करी कायदा टिकला किती? जेमतेम सहा तास.

शहाणा राज्यकर्ता घटनेला हात लावतो तो नमस्कारापुरता. तिचा दिवस साजरा करा, मुलांकडून निबंध लिहून घ्या. स्टालिनने 5 डिसेंबर 1936 ला नवी घटना आणली. तिच्यात भाषण, मुद्रण, सभा, मोर्चे, सगळी स्वातंत्र्यं होती आणि त्या तारखेला सार्वजनिक सुट्टीही. पुढच्या दोन वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसं गोळ्या घालून मारली गेली. सुट्टी मात्र चालू राहिली. हिटलरनेही वायमारची, म्हणजे जर्मनीची तेव्हाची लोकशाही घटना कधी औपचारिकपणे रद्द केली नाही. 23 मार्च 1933 ला संसदेत रीतसर दोन तृतीयांश बहुमताने त्याने सगळे अधिकार मागून घेतले. विरोधातले काही खासदार त्या दिवशी तुरुंगात होते, पण गैरहजेरीची कारणं काय, कुणाचीही असू शकतात.

आता मुदतीचं बघू. कुणीतरी 'दोनच कारकिर्दी' असं लिहून ठेवलेलं असतं. घाबरू नका, दोन ही संख्या फार लवचीक आहे. आफ्रिकेतल्या बुरुंडीत 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष एन्कुरुन्झिझा म्हणाले, पहिल्या वेळी मला जनतेने नव्हे, संसदेने निवडलं होतं, म्हणजे ती कारकीर्द धरायची नाही. बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी सांगितलं, माझी पहिली कारकीर्द जुन्या घटनेखालची होती. घटना न्यायाधिकरणाला ते पटलं आणि तिसरी मिळाली. चौथीसाठी त्यांनी फेब्रुवारी 2016 मध्ये लोकांनाच विचारलं. लोक नाही म्हणाले. (लोकांना विचारू नये ते यासाठीच.) मग पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाने निकाल दिला, की निवडणुकीला पुन्हा पुन्हा उभं राहणं हा माणसाचा मूलभूत मानवी हक्क असून कारकिर्दीच्या मर्यादेने त्याची पायमल्ली होते. मानवी हक्कांची इतकी कळकळ भल्याभल्या लोकशाह्यांत दिसत नाही.

मागणी मात्र स्वतःच्या तोंडून करू नका. रशियाचा 10 मार्च 2020 चा दिवस अभ्यासा. संसदेत घटनादुरुस्तीची चर्चा चाललेली. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा उठल्या. अंतराळात गेलेली जगातली पहिली स्त्री, वय 83, आदराने मान खाली जावी अशी व्यक्ती. त्यांनी सुचवलं, की विद्यमान अध्यक्षांच्या आधीच्या कारकिर्दी शून्य धराव्यात. योगायोग बघा, पुतिन त्याच दिवशी संसदेत आले आणि म्हणाले, घटना न्यायालयाची हरकत नसेल तर माझी नाही. न्यायालयाने आठवडाही घेतला नाही. जनमत जूनअखेर होतं, पण दुरुस्त घटनेच्या छापील प्रती दुकानांत त्याआधीच विक्रीला आल्या होत्या. मतदारावर एवढा विश्वास आपण ठेवू का?

संसद हाताशी असेल तर निवडणुकीचा त्रास कशाला? श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांच्याकडे सहात पाच जागांचं बहुमत होतं. 1982 मध्ये त्यांनी निवडणुकीऐवजी सार्वमत घेतलं: हीच संसद आणखी सहा वर्षं चालवायची का? हो म्हणणाऱ्याने दिव्यावर खूण करायची, नाही म्हणणाऱ्याने मडक्यावर. दिवा जिंकला. त्याआधी स्वपक्षाच्या खासदारांकडून राजीनामे लिहून घेतलेले होते. सही आहे, तारखेची जागा रिकामी. पक्षशिस्त म्हणतात ती ही.

न्यायाधीशांना काढून टाकू नका, फार बभ्रा होतो. हंगेरीत पंतप्रधान असताना ओर्बानांनी न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय 70 वरून 62 केलं आणि दोनशेहून अधिक न्यायाधीश एका फटक्यात ज्येष्ठ नागरिक झाले. आपल्याकडे असतं तर शाल-श्रीफळही दिलं असतं. युरोपच्या न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं खरं, पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या. बाकी कामही नेटकं: 2010 मध्ये मतं सुमारे 53 टक्के, जागा दोन तृतीयांशांहून जास्त, आणि 2012 पासून अख्खी नवी घटना लागू. कुणी टीका केलीच तर प्रत्येक कलमासाठी विचारा, हे अमुक पाश्चात्त्य देशात नाही का? असतंच. किम लेन शेपेली या अमेरिकी अभ्यासक बाईंनी असल्या जोडकामाला 'फ्रँकेनस्टेट' म्हटलं: अवयव सगळे चांगल्या घरचे, शिवलेला प्राणी भलताच. तुम्ही फक्त अवयव दाखवा.

भारतात जरा जपून. 1975 मध्ये पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी 39 वी दुरुस्ती 7 ऑगस्टला लोकसभेत, 10 तारखेला राष्ट्रपतींच्या सहीसह तयार, कारण 11 ला इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्याची सुनावणी होती. आपली सरकारी फाइल एवढी पळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. तरीही नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तेच कलम उडवलं. नडला तो 1973 चा केशवानंद भारती निकाल: 7 विरुद्ध 6, म्हणजे एका मताने ठरलं, की संसदेलाही घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. मुंबईच्या नानी पालखीवालांचा युक्तिवाद. पुढे 1989 मध्ये बांगलादेशानेही तो धागा उचलला. एवढी भानगड नको असेल तर कलमांच्या वाटेला जाऊच नका. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलंच होतं, की घटनेचं रूप न बदलता नुसता कारभाराचा ढाचा बदलूनही ती विकृत करता येते. त्यांनी ती धोक्याची सूचना म्हणून दिली. तुम्ही पाककृती म्हणून वाचा.

एवढं करून न्यायाधिकरण मात्र मुठीत ठेवा, कारण ती मंडळी पाहून पाहून शिकतात. मोरालेसांना 2019 मध्ये देश सोडून मेक्सिको गाठावं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये बोलिव्हियाच्या त्याच न्यायाधिकरणाने निकाल फिरवला: बेमुदत फेरनिवड हा काही मानवी हक्क नव्हे. आणि तिथे मतदानाने होणाऱ्या न्यायाधीशांच्या निवडणुका वेळेवर झाल्या नव्हत्या, म्हणून त्याच महिन्यात मुदतवाढही दिली. स्वतःला.