"हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग" : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(रिटायर होऊन बरीच वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना.)

उत्तर लांबणार आहे म्हणून वेगळंच लिहिते. ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी माझं काम आणि घर दोन्ही नोशन (नोंदी आणि टेबलं ठेवायचं ॲप), गुगल कॅलेंडर आणि ड्राइव्ह मिळून कसं लावलंय ते लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं, की एकतर हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत, त्यांनी बँकेतली नोकरी आणि संसार दोन्ही दरवर्षी एका डायरीवर निभावलं. दुसरं, ऑफिस आणि घर एकत्र करणं हेच मुळात चूक. तिसरं, फुकटातली ॲप्स उद्या बंद पडतील किंवा पैसे मागतील. आणि चौथं त्यांनी जाताजाता लिहिलंय पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, "शेवटी हे तुमचं तुम्हालाच कळणार, घरातल्या बाकीच्यांना काय उपयोग?" शिवाय फुकटात नक्की किती भागतं हेही विचारलंय, ते शेवटी सांगते.

चौथ्यापासूनच सुरू करते. डायरीला माझा अजिबात विरोध नाही हो. पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही, अपडेट आलं म्हणून बटणं इकडची तिकडे होत नाहीत. पण तुम्ही बाहेरगावी असताना त्या डायरीतून काकूंना स्वतःहून काही काढता यायचं का? एलआयसीचा हप्ता कुठल्या पॉलिसीचा, गॅसचा कन्झ्युमर नंबर काय, एफडी कुठल्या ब्रँचला आहे आणि कधी मॅच्युअर होते? आपल्याकडे बहुतेक घरांत हे एकेका माणसाच्या डोक्यात असतं, पैशाचं आणि जमिनीचं पुरुषाच्या आणि उरलेलं सगळं बाईच्या, आणि हे उरलेलं सगळं म्हणजे मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टपासून सासूबाईंच्या थायरॉइडच्या गोळीपर्यंत, मावशींच्या सुट्ट्यांपासून कोणाच्या लग्नात किती आहेर केला होता तिथपर्यंत. मग दिवसभर फोन, अगं ते कुठे ठेवलंय. मी क्लायंटबरोबर कॉलवर आणि वर नवऱ्याचे मिस्ड कॉल, कशासाठी तर पाण्याच्या फिल्टरचा माणूस दारात उभा आहे आणि विचारतोय वॉरंटी आहे का.

तर माझी ती सगळी मांडामांड एवढ्यासाठीच आहे की मला फोन न करता घरातल्या दुसऱ्या माणसाला सापडलं पाहिजे. प्रॉडक्टिव्हिटी वगैरे नंतर. नेटवर जे डॅशबोर्ड दाखवतात ना, वर डोंगराचा फोटो, खाली कोट, बाजूला पाणी किती ग्लास प्यायलं त्याचा ट्रॅकर, ते मला बघवत नाही, आणि तुमचा रिकामटेकडे हा शब्द त्यांच्यासाठी असेल तर माझं शंभर टक्के अनुमोदन.

आता फिल्टरचंच सांगते. नोशनमध्ये "घर" नावाचं एक साधं टेबल आहे, त्यात फिल्टरची एक ओळ. कधी घेतला, बिलाची लिंक, वॉरंटी कधीपर्यंत, कोणाला फोन करायचा, शेवटी काय बदललं, आणि सगळ्यात कामाचा कॉलम म्हणजे "येणाऱ्याला काय सांगायचं". त्यात लिहिलंय, "मेम्ब्रेन बदला म्हणेल, आधी पाण्याचा टीडीएस मोजून दाखव म्हणायचं." (मेम्ब्रेन म्हणजे फिल्टरमधली गाळायची जाळी. आणि हा पाण्यातला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, माझ्या कामातला वेगळा, तो खाली येईल.) ही माहिती आधी फक्त माझ्या डोक्यात होती आणि नवरा समोर असला की मेम्ब्रेन हमखास बदललं जायचं. फोन नंबरांचंही तेच, त्याच्या मोबाईलमध्ये प्लंबर, प्लंबर नवीन आणि प्लंबर नको अशा नावांनी नंबर सेव्ह होते आणि "नको" का नको ते त्यालाही आठवत नव्हतं.

ड्राइव्हमधले फोल्डर मी विषयवार लावलेले नाहीत, कोण मागतं त्यावर लावलेत. बँक, शाळा, डॉक्टर, सोसायटी, सरकारी, गाव. कागद लागतो तेव्हा समोर मागणारा उभा असतो, त्याच्या नावाचा फोल्डर उघडायला डोकं लागत नाही. एकच कागद दोघं मागत असतील तर दुसरीकडे ड्राइव्हचा शॉर्टकट टाकायचा, कॉपी अजिबात करायची नाही, नाहीतर सहा महिन्यांनी दोन्हीतली ताजी कुठली यावरून वाद. टियागो फोर्टे या लेखकाची फाइली लावायची पॅरा पद्धत बऱ्याच जणांनी सुचवली होती, म्हणजे प्रोजेक्ट, एरिया, रिसोर्स आणि अर्काइव्ह असे चारच कप्पे. माझ्या कामाला ती चांगली बसते, चालू वर्षाचं एकीकडे आणि संपलेलं आर्थिक वर्ष उचलून अर्काइव्हमध्ये. पण घरात नाही चालत. शाळेची फी हा प्रोजेक्ट की एरिया हे नवऱ्याने का ठरवत बसायचं, त्याला पावती हवीये.

"गाव" फोल्डरचं सांगायलाच हवं कारण तुम्ही शेतीचा उल्लेख केलाय. सासरच्या जमिनीचा गट नंबर आणि खाते नंबर फक्त मोठ्या दिरांना पाठ, त्यामुळे काही लागलं की त्यांच्या फोनची वाट बघायची. आता महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो, पण काढायला जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर माहीत पाहिजे ना, इथेच घोडं पेंड खातं. म्हणून त्या फोल्डरमध्ये आधी एक पान आहे ज्यावर फक्त एवढंच आहे, कुठल्या जमिनीचा गट कुठला, कोणाकोणाच्या नावावर, फेरफार कधी झाला. सातबारा काय, पुन्हा काढता येतो. ते पान नसेल तर काही निघत नाही.

फाइलला नाव देताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे 2025-06-14 आणि मग नाव, की आपोआप ओळीने लागतात. आकडे मात्र सगळीकडे एकाच पद्धतीचे, एका फाइलला २०२५ आणि दुसरीला 2025 लिहिलं तर कॉम्प्युटर त्यांना शेजारी बसवत नाही. आणि नावात घरात जे जे म्हणतात ते सगळं कोंबायचं. आमच्याकडे सासूबाई एमएसईबी म्हणतात (मंडळाच्या वेगळ्या कंपन्या होऊन 2005 पासून महावितरण झालं तरी), नवरा लाईट बिल म्हणतो, मी वीजबिल, म्हणून फाइलच्या नावात तिन्ही आहेत. दिसायला गबाळं दिसतं पण सर्च करणाऱ्याला मिळतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणाऱ्यांनी हे खास ऐका, तिथे वर्षभराने जुन्या पीडीएफवर टॅप केलं की बऱ्याचदा पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा असा मेसेज येतो, आणि पाठवणारे आपणच.

आता ऑफिस आणि घर एकत्र करण्याचा मुद्दा. काका, बँकेत होतात म्हणून तुम्हाला हे खटकणार हे साहजिक आहे आणि ग्राहकाचे कागद घरच्या फोल्डरमध्ये येता कामा नयेत यात माझं काही वेगळं म्हणणं नाहीच. मी घरून अकाउंट्सची कामं करते, क्लायंटचं सगळं कामाच्या वेगळ्या अकाउंटवर आणि क्रोममध्ये वेगळ्या प्रोफाइलमध्ये, घरच्या प्रोफाइलमधून ते उघडतच नाही. एकत्र आहे ते फक्त कॅलेंडर, कारण दिवस एकच असतो ना. 7 तारखेला टीडीएस भरायचा (हा कामातला, पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स), 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी (ही दोन्ही जीएसटीची रिटर्न), शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेला ॲडव्हान्स टॅक्स. आणि शाळेची पेरेंट-टीचर मीटिंग नेमकी 20 ला. हे दोन वेगळ्या डायऱ्यांत असतं तर 19 च्या रात्री कळलं असतं. गुगल कॅलेंडरमध्ये शेअर करताना फक्त बिझी आहे एवढंच दाखवायची सोय आहे, तपशील लपवून. नवऱ्याला 20 तारीख भरलेली दिसते, कुठल्या क्लायंटचं काय ते दिसत नाही, आणि त्या दिवशी शाळेत कोण जाणार यावर चर्चा होत नाही.

याच्यातच पासवर्डचा मुद्दा येतो जो खाली अजून एका ताईंनी विचारलाय. नोशनमध्ये पासवर्ड, एटीएमचा पिन, आधारचा फोटो काही ठेवू नका. तिथला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो पण एंड-टू-एंड नाही, म्हणजे कुलूप आहे पण किल्ली कंपनीकडेही आहे. पासवर्डला बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, त्याचं फुकटचं व्हर्जन पुरतं. आधार, लायसन्स, गाडीचं आरसी हे डिजिलॉकरमध्ये, ते 2015 पासून आहे आणि तिथून आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची. कोणाला आधार पाठवायचंच असेल तर मास्क्ड, ज्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. गुगलच्या टू-स्टेपचे (पासवर्डनंतर मोबाईलवर दुसरी खात्री करतात ते) बॅकअप कोड मिळतात, एकावेळी 10, प्रत्येक कोड एकदाच चालतो, ते प्रिंट करून कपाटातल्या लॉकरमध्ये. मोबाईल हरवल्यावर ओटीपी कुठे येणार याचा विचार मोबाईल हरवायच्या आधी केलेला बरा.

आणि एक सेटिंग जे फार कमी लोक करतात, गुगलचं इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. आपण ठरवलेले महिने अकाउंटमध्ये काहीच हालचाल झाली नाही तर आपण निवडलेल्या माणसांना (जास्तीत जास्त 10) कळवलं जातं आणि हवं तर डेटा डाउनलोड करायला मिळतो. विषय काढला की घरात लगेच "अशुभ बोलू नकोस" सुरू होतं. पण 2 वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल काढून टाकू शकतं, मग त्यातले फोटो आणि पॉलिसीचे मेल गेलेच.

ॲप बंद पडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते होतंच, आत्तापर्यंत कितीतरी वेळा झालंय. गुगल रीडर (ब्लॉग आणि बातम्या एका जागी वाचायचं) 2013 मध्ये गेलं. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये घेतलं आणि 2020 मध्ये बंद केलं. एव्हरनोट या नोट्सच्या ॲपवर तर लोकांनी वर्षानुवर्षं नोट्स ठेवल्या होत्या, 2023 च्या शेवटी फुकट वापरणाऱ्यांना 50 नोट्स आणि एक नोटबुक एवढीच मर्यादा आली. म्हणून माझ्या लेखी ॲप निवडताना पहिला प्रश्न "यातून बाहेर कसं पडायचं" हाच. नोशनमधून सगळं मार्कडाउन (साधा मजकूर) आणि सीएसव्हीमध्ये (साधी टेबलं) बाहेर काढता येतं, मी दर तिमाहीच्या रिटर्नबरोबर काढून हार्ड डिस्कवर टाकते. फार सुंदर नसतं ते, फाइलच्या नावापुढे आकडे-अक्षरांची लांबलचक शेपटी येते. पण टेबलं एक्सेलमध्ये उघडतात आणि मजकूर नोटपॅडमध्ये वाचता येतो, मला तेवढंच हवंय. ज्यांना कंपनीवर भरवसाच ठेवायचा नाही त्यांनी ऑब्सिडियन हे नोट्सचं ॲप बघा, त्यात फाइली पहिल्यापासून आपल्याच मशीनवर साध्या टेक्स्टमध्ये असतात. मी घरासाठी ते घेतलं नाही कारण नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या फोनवर सिंक लावून द्या, मग बिघडलं की परत मलाच फोन, म्हणजे मूळ हेतूच बोंबलला. गावी रेंज नसते त्याचं काय असं विचाराल तर नोशनमध्ये ऑगस्ट 2025 पासून ऑफलाइनची सोय आलीये, फुकटवाल्यांना हवी ती पानं एकेक करून मार्क करावी लागतात, "गाव" आणि "डॉक्टर" मार्क केली की झालं.

वेळ किती जातो म्हणाल तर लावताना जातो, ते मान्यच. नंतर रविवारी चहा घेताना व्हॉट्सॲपवर आठवडाभरात आलेले कागद उचलून जागेवर टाकायचे एवढंच. दिवसातल्या बारीकसारीक गोष्टी मी अजूनही फ्रिजवरच्या कागदावर लिहिते, कोथिंबीर आणायची हे डेटाबेसमध्ये टाकणाऱ्या माणसाशी माझं जमणार नाही.

आता फुकटात किती भागतं. गुगलचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, आणि ते बहुतेकांचे गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनीच भरलेले असतात, आधी ते काढा. नोशनच्या फुकट प्लॅनमध्ये एक फाइल 5 एमबीपर्यंतच चढते, म्हणून कागद ड्राइव्हमध्ये ठेवायचा आणि नोशनमध्ये फक्त लिंक. कागदाचा नुसता फोटो काढू नका, ड्राइव्ह ॲपमधलंच स्कॅन वापरा, पावत्या, प्रिस्क्रिप्शन, सोसायटीची बिलं सगळं नीट वाचता येईल असं आणि छोट्या पीडीएफमध्ये बसतं. फक्त आमच्या शाळेचं रंगीत फी-सर्क्युलर बसत नाही, त्यात मजकुरापेक्षा स्विमिंग पूलचे फोटोच जास्त असतात.