पक्षाघात, फ्लुओक्सेटिन आणि तुमचे वडील

नमस्कार,

पक्षाघातानंतर तुमचे वडील पुन्हा उजव्या हाताने जेवू लागले, हे वाचून मनापासून बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा: हा फरक फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनवरच्या गोळीमुळे पडला, फ्रान्समधल्या अभ्यासाने तेच दाखवलंय, आणि तरी ‘केवळ हातापायांत ताकद यावी म्हणून ही गोळी घेऊ नये’ असं लिहून मी घरोघरच्या रुग्णांची आशा मोडतोय. गोळी स्वस्त आहे म्हणून कंपन्यांनी ती मागे पाडली, हा तुमचा संशयही वाचला.

फ्रान्सचा ‘फ्लेम’ अभ्यास २०११चा, ११८ रुग्णांचा. झटक्यानंतर पाच ते दहा दिवसांत गोळी सुरू केली, रोज २० मिलिग्रॅम, तीन महिने, जोडीला सगळ्यांना फिजिओथेरपी. मोजमाप फार बारकाईचं होतं. अंगठा आणि तर्जनीत कागदाचा कपटा धरायला सांगायचं, मग पेन्सिल, मग चेंडू. तपासणारा ती वस्तू हलकेच ओढून बघतो. जमलं नाही तर शून्य, अर्धवट जमलं तर एक, नीट जमलं तर दोन. अशा शंभर गुणांत गोळीवाले सरासरी ३४ गुणांनी सुधारले. पण औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणारेही २४ गुणांनी सुधारले! तुमच्या प्रतिक्रियेत हाच आकडा सुटलाय. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपला आपण बराच सावरतो. त्यामुळे एकट्या वडिलांकडे बघून किती श्रेय गोळीचं, हे कुणालाच सांगता येणार नाही, त्यांच्या डॉक्टरांनासुद्धा.

उरलेल्या दहा गुणांसाठीच पुढच्या मोठ्या चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये ‘फोकस’ (३१२७ रुग्ण), स्वीडनमध्ये ‘इफेक्ट्स’ (१५००), ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि व्हिएतनाममध्ये ‘अफिनिटी’ (१२८०). डोस तोच, मुदत दुप्पट. सहा महिन्यांनी रुग्ण दुसऱ्यांवर किती अवलंबून आहेत ते पाहिलं, तर दोन्ही गट सारखेच निघाले.

ही मोजपट्टी ढोबळ आहे, हाताची सुधारणा तीत दिसणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मुद्दा रास्त आहे. पण फोकसमध्ये हाताची वेगळी प्रश्नावलीही होती: दाराची मूठ फिरवता येते का, नाणं उचलता येतं का, बुटाची नाडी बांधता येते का. तिथेही फरक दिसला नाही. आणि या चाचणीचा खर्च ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीने आणि स्ट्रोक असोसिएशन या धर्मादाय संस्थेने उचलला होता, त्यामुळे कंपन्यांवरचा संशय इथे लागू होत नाही.

फोकसमध्ये गोळीने दोन गोष्टी मात्र बदलल्या. नव्याने डिप्रेशन येणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून १३वर आलं. आणि हाडं मोडली: औषधाच्या गटात ४५ जणांची, दुसऱ्या गटात २३ जणांची. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच संख्येचे होते. एका बाजूने लुळ्या पडलेल्या माणसाचा खुबा मोडला की महिनोन्‌महिने केलेला व्यायाम वाया जातो. माझा विरोध आहे तो यासाठी.

वडिलांची गोळी माझं वाचून बंद करू नका, मनाने तर मुळीच नको. ती डिप्रेशनसाठी दिली असेल तर तिचं काम वेगळं आहे आणि ते ती चोख करते. कशासाठी दिलीय, हे डॉक्टरांना विचारा. स्वीडनच्या चाचणीत काहींच्या रक्तातलं सोडियमही उतरलं होतं. वडिलांचं शेवटचं कधी तपासलं होतं, तेवढं कळवाल का?