कातर, वाटा आणि शेअर

दोन महिन्यांपूर्वी एका संस्थेचं माहितीपत्रक मराठीत करून दिलं. मनाच्या आजारातून जाणाऱ्या माणसांसाठी होतं. तीन घड्यांचं, शेवटच्या घडीवर मोठ्या अक्षरात फोन नंबर. नंबराच्या वरच्या ओळीला मी लिहिलं होतं, 'मनात जे आहे ते सांगा.' छापून आलं तेव्हा त्या जागी होतं, 'तुमच्या भावना आमच्यासोबत शेअर करा.'

मी फोन केला. पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "ताई, 'सांगा' म्हणजे ऑर्डर दिल्यासारखं वाटतं हो. शेअर करा कसं सॉफ्ट वाटतं."

मला तिचा राग आला नाही. तिच्या पिढीला तो शब्द खरोखरच मऊ वाटत असणार. पण त्या दिवसापासून मी या एका शब्दाच्या मागे लागले आहे. आज जरा सविस्तर लिहिते, वेळ असेल तर वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे हा शब्द जन्माने अजिबात मऊ नाही. त्याला धार आहे. जुन्या इंग्रजीत 'शेआरू' असा काहीसा उच्चार असलेला शब्द होता, त्याचा अर्थ कापणं. ख्रिस्ती साधू डोक्याचा मधला भाग भादरून घेत, त्यालाही तोच शब्द. जमिनीचा तुकडा तोडून हद्द घातली तर त्यालाही तोच. मेंढीची लोकर कातरायला इंग्रजीत जे क्रियापद आहे, ते याचंच भावंड. शर्ट, स्कर्ट, शॉर्ट हे सगळे त्याच घरातले, कारण सगळ्यांत काहीतरी कापून आखूड केलेलं आहे. नांगराचा फाळ म्हणजे इंग्रजीत प्लाउशेअर, तो शब्दही त्याच मुळातून आलेला. इथे मी थबकले, कारण आपल्याकडेही फाळ आणि फाळणी शेजारी शेजारीच उभे आहेत. जमीन फाडणारं लोखंड आणि घर किंवा देश तुटणं.

अजून मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ इंडो-युरोपीय भाषांचा जो समान धातू सांगतात, त्याच्याच पोटी संस्कृतातलं 'कृन्तति' येतं, म्हणजे कापतो. त्यातून कर्तन, कर्तरी, आणि कर्तरीवरून आपली कात्री, कातर, कातरणं. म्हणजे शिवणाच्या डब्यात पडलेली कात्री आणि फोनवरचं शेअरचं बटण लांबचे नातेवाईक निघाले. हे वाचलं त्या रात्री मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

कित्येक शतकं 'शेअर' हे इंग्रजीत नामच होतं. शेअर असायचा, मिळायचा, करायचा नव्हे. क्रियापद म्हणून तो रुळला सोळाव्या शतकाच्या शेवटी. आपला 'वाटा' आजही तसाच आहे. वाटा असतो, मिळतो, वाट्याला येतो, त्यावरून भाऊ कोर्टात जातात. आणि त्याच्याही मुळाशी कापणं आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं आजोळ साताऱ्याकडचं. आखाडात भावकीतली दहाबारा घरं मिळून एक बोकड घ्यायची. गोठ्यापुढच्या अंगणात ओल्या फरशीवर पळसाची पानं मांडलेली असायची, जितकी घरं तितकी. कापणारा एकेक प्रकार घेऊन सगळ्या पानांवर फिरायचा. आधी मांडीचं, मग बरगडीचं, मग हाडाचं, शेवटी काळीज. काळजाचा तुकडा एवढासा, पण तोही दहाबारा ठिकाणी. आजोबा उकिडवे बसून एका पानावरचं बोटभर उचलून दुसऱ्या पानावर ठेवायचे, परत बघायचे, परत काढायचे. तराजू नसायचाच. सगळे वाटे लागले की एका पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. एक वर्षी ते पोर मी होते. मागून कुणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" आणि मी भिंतीकडे बघत एकेका घराचं नाव घ्यायचे. मला दिसत नव्हतं म्हणूनच कुणाची तक्रार नव्हती. ओल्या शेणाचा, पावसाचा आणि मटणाचा असा एकत्र वास अजून नाकात आहे.

तिथे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. प्रत्येकाने पैसे घातले होते, प्रत्येकाला कमीच मिळणार होतं, आणि कमी मिळूनही सगळ्यांच्या चुलीवर त्या दिवशी रस्सा होता. मूळच्या इंग्रजी शब्दातही नेमकं हेच होतं. एक वस्तू, तिचे तुकडे, आणि देणाऱ्याकडे पूर्वीपेक्षा कमी उरणं.

पुढे हा शब्द व्यापारात गेला. शेक्सपिअरची गोष्ट मला यात फार आवडते. लंडनमध्ये १५९९ साली ग्लोब नाट्यगृह उभं राहिलं, तेव्हा त्याची अर्धी मालकी बर्बेज बंधूंची होती आणि उरलेली अर्धी पाच नटांची. त्या पाचांत शेक्सपिअर एक, म्हणजे एक दशांशाचा वाटेकरी. नाटक मंडळीतल्या वाटेकऱ्यांना 'शेअरर'च म्हणत. आपल्याकडे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे असेच भागीदार होते. लंडनमध्ये १६०० च्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, आणि भांडवलाचे वाटे विकण्याची ही रीत पुढे त्यांच्याच राज्यात मुंबईला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहर शेअरच्या मागे वेडं झालं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळलं. दहा वर्षांनी, १८७५ साली, दलालांनी आपली संघटना बांधली तिच्या नावातच 'शेअर' होता. मराठीत हा शब्द आज एवढा घट्ट बसलाय तो या दारातून आला. भागधारक हा शब्द कागदावर राहिला, पण बोलताना सगळे शेअर घेतात आणि शेअर विकतात. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

शब्दाला खरं वळण मिळालं ते विसाव्या शतकात. फ्रँक बुकमन नावाचे एक अमेरिकन ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९२० आणि ३० च्या दशकांत त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींना ऑक्सफर्ड ग्रुप म्हणत. तिथे लोक एकमेकांसमोर आपले दोष, आपली पापं मोकळेपणाने सांगत आणि त्याला 'शेअरिंग' म्हणत. आज आपण 'मनातलं शेअर करणं' म्हणतो, त्या अर्थाला बळ मिळालं ते या बैठकांमधून. ही चळवळ १९३८ पासून 'मॉरल रीआर्मामेंट' झाली, आणि पुढे तिचंच केंद्र पाचगणीला उभं राहिलं, एशिया प्लॅटो. पाचगणीला सहलीला जाताना आपण ज्या पाटीवरून पुढे जातो, तिच्यामागे हा इतिहास आहे.

त्याच ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन व्यसनग्रस्त अमेरिकन जात असत. ते दोघे ओहायोतल्या अक्रन गावी भेटले आणि १९३५ साली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याच्या बैठकांची, सुरुवात झाली. शेअरिंग त्यांनी तिथूनच बरोबर आणलं.

आता जे सांगते ते आमच्या घरातलं आहे, म्हणून कोण ते लिहीत नाही. आमच्याकडचं एक माणूस वर्षानुवर्षं दारूत होतं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा या बैठकीला गेलं त्या दिवशी मी सोबत होते, घरच्यांना बसायची परवानगी होती. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, फळ्यावर पुसट राहिलेला पाढा. स्टीलच्या किटलीतला चहा. एकेक जण उठून पुढे जायचा, फक्त पहिलं नाव सांगायचा आणि बोलायचा. मध्ये कुणी बोलत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. चौथ्या आठवड्यात आमचं माणूस उठलं. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं त्याने सांगितलं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, पण त्याच्या तोंडून कुणीच कधी ऐकलं नव्हतं. बोलताना त्याचा हात बाकाच्या कडेवरून सारखा फिरत होता. खाली बसल्यावर शेजारच्या वयस्कर माणसाने हळूच म्हटलं, "चांगलं शेअर केलंत."

त्या खोलीत तो शब्द मला जरासुद्धा खटकला नाही, उलट आता वाटतं की तो तिथे आपल्या जुन्या अर्थाच्या अगदी जवळ होता. माणसाने स्वतःतलं काहीतरी कापून पानावर ठेवलं होतं. आणि समोरच्यांनी ते आपला वाटा म्हणून घेतलं होतं, कारण प्रत्येकाकडे तसंच काहीतरी होतं.

संगणकातही सुरुवातीला कापणं होतं. एमआयटीत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांनी टाइम-शेअरिंग करून दाखवलं, तेव्हा एका महागड्या यंत्राच्या वेळेचे बारीक तुकडे पाडून ते अनेकांना आळीपाळीने दिले जात होते. एकाला मिळाला तो क्षण दुसऱ्याला नाही. गणित बदललं ते प्रत काढणं फुकट झाल्यावर. इंटरनेटवरून एकमेकांना गाणी देण्याचं नॅपस्टर १९९९ मध्ये आलं, गाणं दुसऱ्याला दिलं तरी आपल्याकडे अख्खं राहू लागलं. मग फेसबुकवर शेअर आला, २००६ मध्ये. इथे देणाऱ्याचं काही कमी होत नाही, घेणारा कोण हेही कधीकधी ठाऊक नसतं. बोट टेकवलं की झालं.

मी स्वतः रोज ते बटण दाबते, ही पोस्टही त्यावरच जगणार. पण एक गोष्ट मला सलते. फेसबुक जगाला वर्षानुवर्षं सांगत होतं की आम्ही लोकांना शेअर करण्याची ताकद देतो. आणि १८ मे २०१२ रोजी ती कंपनी बाजारात उतरली, अडतीस डॉलरला एक शेअर. एकच शब्द, दोन माणसं. एक आपल्या बाळाचे फोटो शेअर करणारं, दुसरं शेअर बाळगणारं. ज्याच्या हातात कागद आहे त्याच्यासाठी शब्दाचा जुना, मोजून मापून घेतलेला अर्थ शाबूत राहिला. बाकीच्यांना नवा, मऊ अर्थ मिळाला. 'शेअरिंग इकॉनॉमी'तही तेच झालं. खोली भाड्याने देणं, गाडी भाड्याने चालवणं याला भाडं म्हणायचं सोडून शेअरिंग म्हटलं की व्यवहार शेजारधर्मासारखा दिसायला लागतो. त्यापेक्षा स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा खरी. तीन सीट, तिघांत वाटलेलं भाडं, कुणाची तरी पिशवी आपल्या मांडीवर. तिथे प्रत्येकाची जागा कमी होते आणि प्रत्येकाचे पैसे वाचतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीने या शब्दाचा सगळ्यात शेवटचा, सगळ्यात स्वस्त झालेला अर्थ उचलला आणि तो चांगल्या दहा क्रियापदांवर पसरला. बातमी कळवायची असते, फोटो दाखवायचा असतो, फाइल पाठवायची असते, गुपित सांगायचं असतं, खर्च वाटून घ्यायचा असतो, पेढे वाटायचे असतात, दुःखात सोबत करायची असते. सगळीकडे शेअर. आपल्या 'वाटणे'ला किती बारीक छटा आहेत बघा. वाटून दिलं म्हणजे स्वतःसाठी ठेवलं असेलच असं नाही, वाटून घेतलं म्हणजे आपणही त्यात आहोत, वाटून टाकलं म्हणजे मागे काही ठेवलं नाही. आमची आजी एक तीळ सात जणांनी करंडून खायला सांगायची. त्या 'करंडून'मध्ये दात आहेत, धीर आहे, सातवा माणूस आहे.

आणि 'सांगणे' तर मला आपल्या भाषेतलं सगळ्यात माणुसकीचं क्रियापद वाटतं. मागच्या वर्षी माझी काकी गेली. त्या पहाटे आत्याचा फोन आला आणि ती कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "कसं सांगू गं तुला. सांगवत नाही." मला तेवढ्यातच कळलं. दुपारी कुटुंबाच्या ग्रुपवर एका भावाने लिहिलं, 'दुःखद बातमी शेअर करत आहे.' त्याचंही दुःख खरं होतं, तो रात्रभर दवाखान्यात बसलेला होता. पण त्याला भाषेने जो शब्द हातात दिला तो असा, ज्यात अडखळायला जागाच नाही. 'शेअर करवत नाही' असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

'मला सांग' म्हणताना ऐकणारा एक कुणीतरी असतो, त्या 'मला'त. 'आमच्यासोबत शेअर करा' म्हणताना तो गर्दीत नाहीसा होतो. रात्री दोन वाजता ज्याने ते पत्रक हातात धरलंय, त्याला गर्दी नको असते.

काल त्या मुलीचाच फोन आला. पत्रकाच्या प्रती संपल्यात, पुन्हा छापायचंय, काही दुरुस्त्या असतील तर कळवा म्हणाली. मी एकच कळवली : 'आम्हाला सांगा. घाई नाही.' मग तिला आत्याच्या फोनची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, सरांना विचारते." अजून उत्तर आलेलं नाही.